जुन्या धाटणीचे कपडे रोज घालायचे तर

॥ श्री ॥

चि. छकुली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. एका फोटोत ठिपक्यांचा घेरदार फ्रॉक आणि कपाळावर गुंडाळून पिनांनी बसवलेले केस, तर दुसऱ्यात आजीचे करवतकाठी लुगडे, असे सारे पाहून तुझे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग "केस कोणी घालून दिले?" एवढेच त्यांनी विचारले. मोठी आई मात्र गप्प राहणाऱ्यांतली नाही. "काहून वं बाई, पोरीले पगार नाही भेटत का नवे कपडे घ्याले?" असे तिने अंगणातूनच विचारले. तिला मी उत्तर दिले नाही, कारण तुझा प्रश्न तिच्या प्रश्नाहून अवघड आहे. सणासमारंभाला किंवा फोटोपुरते नव्हे, तर पुण्यात रोज नोकरीवर जाताना, स्कूटर चालवत, डबा आणि लॅपटॉप सांभाळत जुन्या धाटणीचे कपडे वापरता येतील का, असे तू विचारले आहेस. येतील, असे शिवणवर्ग चालवण्यात हयात घालवलेल्या तुझ्या आईचे मत आहे. मात्र त्यासाठी जुन्या कपड्यांना देव्हाऱ्यात बसवणे सोडून त्यांना कात्री लावण्याची तयारी ठेवावी लागेल.

आधी आजीच्या पेटीविषयी लिहिते. त्या पेटीत जे सापडले त्यावरून पूर्वीच्या बायका कशा राहत असत याचे चित्र तू मनाशी रंगवले आहेस, आणि ते अर्धेच खरे आहे. पेटीत उरते ते लग्नातले, डोहाळजेवणातले, कोणी मानाने दिलेले कापड, कारण ते वर्षाकाठी एखाद्या वेळीच अंगाला लागते. तुझ्या हातातले करवतकाठी लुगडे तसेच आहे. आपल्या भंडाऱ्याकडच्या टसरचे ते कापड असून काठ आणि मधला पोत वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवल्यामुळे काठाच्या कडेला करवतीचे दाते उमटतात. असे कापड रोज नेसून विहिरीवर कोणी जात नव्हते आणि तूही ते रोज ऑफिसात नेसू नयेस. रोजची लुगडी मिलची असत. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल, इकडे जवळची पुलगावची मिल, यांच्या मालावर आजीच्या पिढीने आयुष्य काढले. ही लुगडी अंगावरच विरत. मध्यभागी विरली की तेवढा भाग काढून टाकून दोन्ही चांगले भाग जोडायचे, म्हणजे दंड घालायचा, आणि पुन्हा काही महिने नेसायचे. त्यानंतर त्याची बाळाची दुपटी होत, मग चुलीजवळची फडकी होत आणि जे उरेल ते गोधडीत जाई.

म्हणून रोजची फॅशन पाहायची असेल तर पेटी नव्हे, गोधडी उघडावी लागते. मागच्या खोलीतली जड गोधडी या उन्हाळ्यात मी उसवली, कारण तिचा वरचा थर पार गेला होता. वरून ती मातकट, रंग हरवलेली दिसत होती. पण आतल्या थरांना ऊन लागलेले नसल्यामुळे त्यांचे रंग जागच्या जागी होते. गर्द जांभळ्यावर तांबडा रुईफुली काठ, त्याखाली बारीक चौकडा, त्याखाली कोणाच्या तरी झग्याचे चीट, आणि अगदी आत फिकट हिरव्यावर पांढरे ठिपके. तुझ्या फ्रॉकवर आहेत तसेच, फक्त जरा बारीक. तू ते ठिपके परदेशी चित्रे पाहून निवडलेस आणि आपल्याच घरात कोणीतरी ते घालून, फाडून, ठिगळ करून संपवले होते, हे पाहून मला हसू आले. मोठ्या आईला तो थर दाखवला, तेव्हा तो तुझ्या आत्याच्या परकराचा असल्याचे तिने लगेच ओळखले आणि मग तुझ्या पगाराचा विषय काही काळ मागे पडला.

आता पोलक्याकडे वळते, कारण तुला खरा उपयोग त्याचा आहे. पेटीतले ते साधे पांढरे पोलके बाहेरून काहीच विशेष वाटत नाही, म्हणून तू त्याचा फोटोही पाठवला नाहीस. ते उलटे करून उजेडात धर. दोन्ही कुशींना आत दोन बोटे रुंद माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेले जादा कापड, ठेवलेली दिसेल आणि तिच्यावर शिलाईच्या तीन ओळींच्या बारीक छिद्रांच्या खुणा दिसतील. बाळंतपणात टीप उसवून अंग सैल केले, पुढे पुन्हा आत घेतले, म्हातारपणी पुन्हा सोडले. एकच पोलके त्या देहाबरोबर चालत राहिले. नंतर बाही वर उचलून बगलेत पाहा. तिथे कर्णावर बसवलेला एक चौकोनी तुकडा आहे. त्याला आम्ही चौबगला म्हणतो. हा तुकडा असला की हात डोक्यावर नेला तरी पोलके कमरेतून वर सरकत नाही. पाणी शेंदणाऱ्या, डोक्यावर भारा घेणाऱ्या, पराटीतून कापूस वेचणाऱ्या बाईला त्याची गरज होती. स्कूटरचे हँडल धरण्यासाठी दोन्ही हात पुढे नेणाऱ्या मुलीलाही ती तेवढीच आहे. आजच्या घट्ट बाहीच्या ब्लाउजमध्ये हात पुढे केला की पाठ ताणली जाते आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, शिलाई पहिल्यांदा तिथेच सुटते, हे तुझ्या कपाटातले दोन-तीन ब्लाउज तपासलेस तर तुझ्याच ध्यानात येईल.

तेव्हा पहिले काम असे कर. ते पोलके उसवू नकोस. त्यावरून कागदावर माप उतरवून घे आणि टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, नवे शिव. चौबगल्यासाठी अडीच इंचांचा चौरस पुरतो, शिलाई सोडून. कुशीला दोन्हीकडे दीड-दीड इंच माया ठेव, आणि शिवणाऱ्या मैत्रिणीने "एवढे कापड वाया का घालवतेस?" असे विचारले तर तिला पाच वर्षांनी भेटायला सांग. तयार कपड्यांत माया कापून, कड ओव्हरलॉक करून टाकलेली असते. असा कपडा अंगाला होईनासा झाला की त्याला इलाज नाही. जुन्या धाटणीत मला काही श्रेष्ठ वाटत असेल तर ते हे की तो कपडा पुन्हा उघडता येईल अशा बेताने शिवलेला असे. बाही फुग्यांची असो की कोपरापर्यंत सरळ, गळा चौकोनी असो की होडीच्या आकाराचा, ती हौस आहे आणि ती तू खुशाल कर.

फ्रॉकबद्दल मात्र जरा हिशेब मांडते, कारण तू लिहिले आहेस की शिंप्याने कापड फार लागेल म्हणून तुला परत पाठवले. तो खोटे बोलला नाही. पूर्ण गोलाचा घेर काढायचा तर कमरेच्या मापाला ६.२८ ने भागायचे. २८ इंच कमरेला साडेचार इंचांची त्रिज्या येते. तीत २७ इंच उंची मिळवली की साडेएकतीस इंच होतात, म्हणजे एका अर्धगोलाला ६३ इंच लांब कापड हवे. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून असे दोन अर्धगोल एकापुढे एक काढले तर साडेतीन वार लागतात आणि दुमड धरून पावणेचार वार घेतलेले बरे. कडेला साधारण बारा इंचांची पट्टी लांबच लांब उरते. तीत पट्टा, कॉलर आणि बाह्या निघतात, पण अंगाच्या भागासाठी आणखी वारभर कापड घ्यावे लागते. शिवून झाल्यावर लगेच दुमड घालू नकोस. गोल कापलेल्या कापडाचा काही भाग उरेब, म्हणजे तिरका, येतो आणि तो वजनाने खाली लोंबतो, म्हणून फ्रॉक एक दिवस-रात्र हँगरला टांगून ठेव, मग जमिनीपासून पट्टीने सारखे माप घेऊन खालची कड काप आणि तुरपाई हातानेच कर. एवढे कापड नको असेल तर सहा कळ्यांचा घागरा काप. आपल्या परकराची तीच पद्धत आहे, घेर डोळ्यांना पुरेसा दिसतो आणि स्कूटरच्या चाकाकडे जाण्याइतका तो मोठाही नसतो.

तुला ज्या काळाचे वेड आहे त्या काळाविषयी एक गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कापडचोपड कुपनांवर मिळत होते आणि ते नियंत्रण मार्च १९४९ पर्यंत चालले. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला क्रिस्तियाँ दिओर या पोशाख रचनाकाराने जो घेरदार स्कर्टचा नवा थाट दाखवला, तो त्या टंचाईवरचा उतारा होता, म्हणून काही लोक त्यावर लुब्ध झाले आणि काहींना एवढ्या कापडाची उधळपट्टी पाहून रागही आला. आपल्याकडेही युद्धात कापडावर नियंत्रण आलेच होते. त्यामुळे तुझ्या फोटोतला तो रुबाबदार फ्रॉक म्हणजे त्या काळाचे रोजचे राहणे नव्हे. रोजचे राहणे म्हणजे उलटवून शिवलेल्या कॉलरी, पडद्यातून काढलेले झगे आणि लहान भावाच्या पाटलोणीला लावलेले ठिगळ. आम्ही सगळ्यांनी हेच केले, फक्त त्याला नाव दिले नाही.

आणि जुने म्हणून सगळे उचलू नकोस. माझ्या तरुणपणी नायलॉनच्या साड्या आणि टेरिकॉटचे ब्लाउज यांचा मोठा डौल होता. धुतले की तासाभरात वाळायचे, इस्त्री नको, घडी मोडायची नाही. पण आपल्याकडचे वैशाखातले ऊन, पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि अंगाला टेरिकॉट! घाम आत राहायचा, काखेत घामोळ्या उठायच्या. पेटीच्या तळाशी त्या काळातली गुलाबी नायलॉन साडी आहे, ती मी तुला पाठवणार नाही. फोटोत ती फार सुंदर दिसेल हे मला ठाऊक आहे. तू सुट्टीत येशील तेव्हा वर्ध्याला जाऊ. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात वनस्पतींच्या रंगांनी रंगवलेली खादी मिळते; तिच्यातून तुझ्या आवडीचा पन्नास सालचा फ्रॉक फार छान उतरेल. खादी कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायची, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि मग माया कितीही ठेवली तरी पुरत नाही.

हातमशीन तुझ्याकडे पाठवण्याचे ठरवले आहे. त्याची माहिती थोडक्यात देते, बाकी फोनवर विचार. सुई व्हायलसाठी ११ नंबर, पॉपलिन-रुबियासाठी १४ आणि जाड खादीसाठी १६. तेल मशीनचेच घालायचे. खोबरेल घातले तर थंडीत ते गोठते आणि आतले भाग चिकटून बसतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे दिसू लागले तर बॉबिनशी खेळत बसू नकोस, वरचा दोरा नीट ओवला आहे का ते आधी पाहा.

केसांचा प्रश्न तू पत्राच्या शेवटी घातलास, पण मला वाटते रोजच्या वापरात तोच जास्त छळणार आहे. कपाळावर उभे गुंडाळलेले ते केस हेल्मेटखाली टिकणार नाहीत आणि हेल्मेटशिवाय स्कूटरवर बसायचे नाही, यावर चर्चा नको. जुन्या बायकांचे सगळेच केस डोक्याच्या शेंड्यावर नसत. युद्धाच्या काळात तिकडे कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना केस यंत्रात अडकू नयेत म्हणून बांधून, झाकून ठेवावे लागत, आणि आपल्या शेतात काम करणाऱ्या बाईचा बुचडा मानेलगतच असतो. तेव्हा रोजसाठी मानेवरचा अंबाडा घाल. तो हेल्मेटच्या खालच्या कडेखाली सहज राहतो. तिपेडीऐवजी चारपेडी वेणी घालून तिचा अंबाडा वळलास तर तो पसरट बसतो आणि तीन आकड्यांत दिवसभर हलत नाही. केस विरळ वाटत असतील तर गंगावन, म्हणजे जोडकेस, वापरण्यात कमीपणा मानू नकोस. पूर्वी फणीत निघालेले केस बायका जपून ठेवत आणि त्यांचाच पेड घालून अंबाड्याला भर देत. परदेशातही बायका स्वतःच्याच गळलेल्या केसांची उशी करून केसांखाली ठेवत.

सुट्टीच्या दिवशी तुला त्या लाटा आणि कुरळे वळण हवेच असेल तर बाजारातली फवारणी विकत घेऊ नकोस. आपल्या घरचे जवस घे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत उकळायचे. पाणी अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखे तारेला आले की लगेच गरम असतानाच मलमलीतून गाळायचे, गार झाल्यावर ते गाळले जात नाही. शंभर वर्षांपूर्वी परदेशातल्या बायका केसांच्या लाटा बसवण्यासाठी घरोघरी हेच करत आणि आपण मात्र जवसाची चटणी करण्यापलीकडे त्याचा विचार केला नाही. ओलसर केसांना ते लावून, एकेक बट बोटाभोवती गुंडाळून डोक्याला चपटी करून पिनने बसवायची, वरून सुती रुमाल बांधून झोपायचे आणि सकाळी केस पूर्ण वाळल्याशिवाय एकही पिन काढायची नाही. उरलेले फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. एक काळजी घे, कपाळाजवळचे केस रोज ओढून बांधू नकोस. घट्ट बुचडा घालणाऱ्या कित्येक बायकांचे कपाळ चाळिशीत मागे सरकलेले मी पाहिले आहे.

नऊवारीविषयी तू भीत भीत विचारले आहेस. कासोटा घातलेले नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, स्कूटर चालवायला सहावारीपेक्षा सोयीचेच आहे, कारण दोन्ही पाय मोकळे राहतात. आपल्याकडे रोवणी-निंदणीला जाणारी बाई ते गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातून चालते. फक्त पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि निऱ्या मागच्या चाकाकडे सुटणार नाहीत हे पाहायचे. दुचाकीच्या मागच्या चाकाला जाळी असते ती मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणूनच, तुझ्या स्कूटरवर कोणी ती काढून टाकली असेल तर परत बसवून घे. तू म्हणतेस तशी शिवलेली नऊवारी मला पसंत नाही. नेसायला वेळ वाचतो हे खरे, पण एकदा शिवली की तिची दुपटी होत नाहीत आणि ती दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागत नाही. आठवड्यातून एक दिवस, मऊ सुती नऊवारी, नेसायची सवय होईपर्यंत घरातच, असे सुरू कर.

ऑफिसातल्या लोकांचे काय, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधण्याची मला गरजही वाटत नाही. पहिला आठवडा विचारतील, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या आईच्या साडीचे काय करता येईल ते विचारायला येतील. शिवून देण्याचे कबूल करण्याआधी मजुरी सांगत जा.

इकडे वेचणी सुरू आहे, त्यामुळे बाबांना पुढच्या सोमवारशिवाय हिंगणघाटला जाता येणार नाही. तेव्हाच मशीन आणि कापडाचे गाठोडे पार्सल करतील. गाठोड्यात गोधडीतून निघालेला हिरवा ठिपक्यांचा थर आहे. तो फार विरलेला असल्यामुळे अंगाला लावता येणार नाही, पण फ्रॉकच्या कॉलरीला किंवा खिशाला बाहेरून चालेल, आतून मलमलीचे अस्तर दिलेस तर. त्याआधी तुझी मापे कळव. छाती, कंबर तू स्वतः घेशील, पण पाठीची रुंदी आणि मुंढा दुसऱ्या कोणाकडून मोजून घे. स्वतःचे हात उचलून घेतलेले मुंढ्याचे माप नेहमी चुकते.

तुझी आई

ता. क. करवतकाठी लुगडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. मलमलीत गुंडाळ, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल आणि डांबरगोळी त्याला टेकणार नाही असे पाहा. धुवायची वेळ आली तर रिठ्याच्या पाण्यात, पिळायचे नाही.